हर्डमानिया : खानदेशातील वर्गात पोहोचलेला समुद्रजीव

प्रस्तावना

पांझरा नदी तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. मात्र पांझराकाठच्या धुळे जिल्ह्याला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. तरीही प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हर्डमानिया हा समुद्रजीव येथील वर्गांत पोहोचला. डिवचल्यास पाण्याची चिळकांडी उडविणाऱ्या कंचुकयुक्त प्राण्यांपैकी तो एक होय. त्याच्या या प्रवासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन

खडकाला चिकटून राहणाऱ्या या प्राण्यांची गणना पूर्वी मृदुकाय प्राण्यांत होत असे. १८६६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी त्यांच्या पोहणाऱ्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू असल्याचे दाखविले. प्रौढावस्थेत शेपटीसह पृष्ठरज्जूही नाहीसा होतो. या शोधामुळे हे प्राणी पृष्ठवंशीयांचे आप्त ठरले. १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीची चर्चा करताना डार्विन यांनीही या शोधाची दखल घेतली.

हर्डमानिया हे प्रजातिनाम लाहील यांनी १८८८ मध्ये लिव्हरपूलचे प्राध्यापक हर्डमन यांच्या गौरवार्थ दिले. याच हर्डमन यांनी १९०२ मध्ये श्रीलंकेतील मोत्यांच्या शिंपल्यांच्या क्षेत्राची पाहणी केली. पुढे लखनौ येथे के. एन. बहल यांनी भारतीय प्राण्यांवरील प्रबंधमाला सुरू केली. १९२६ मधील गांडुळावरील पहिल्या प्रबंधानंतर, १९३६ मध्ये एस. एम. दास यांचा हर्डमानियावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. समुद्रापासून दूर असलेल्या लखनौत सिद्ध झालेल्या या वर्णनाच्या आधारे हर्डमानिया भारतीय पाठ्यपुस्तकांत प्रतिनिधिक प्राणी म्हणून रूढ झाला.

खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी (१९४९) आणि १९९० नंतर जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न होती. किनाऱ्यापासून दूरच्या अशा वर्गांत समुद्र पोहोचला तो प्रामुख्याने आकृत्या, काचपट्ट्या आणि बरणीतील नमुने यांच्या रूपाने. त्यामुळे क्लोमछिद्रे व कंटिका विद्यार्थ्यांच्या पाठ झाल्या. मात्र स्पंज, बार्नेकल आणि शिंपले यांच्या शेजारी पाणी गाळून अन्न मिळविणारा जिवंत प्राणी दुर्लक्षित राहिला. वास्तविक हर्डमानिया पवित्र शंखाच्या गोगलगायीच्या कवचावरही वाढतो. ज्याच्या शेजाऱ्याचे कवच खानदेशातील देवघरांत पूजिले जाते, तो प्राणी वर्गात मात्र परका ठरला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१४ मध्ये ते पूर्णतः थांबविण्याचे निर्देश दिले. त्यामुळे शरीररचनेवर भर देणाऱ्या या परंपरेचा मुख्य आधारच निखळला.

निष्कर्ष

प्रयोगशाळेच्या मेजावरून प्राण्यांचे मृत नमुने हटले, तरी त्यांच्या जागी केवळ संगणकीय आकृत्या आल्यास जुनीच उणीव नव्या स्वरूपात कायम राहील. म्हणून खानदेशातील महाविद्यालयांनी रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरील अभ्यास-सहलीला अभ्यासक्रमात निश्चित स्थान देणे आवश्यक ठरते. तेथे नमुने गोळा न करता, ओहोटीच्या वेळी खडकांवरील सहजीवनाचे निरीक्षण व नोंद व्हावी. इतिहासाने हर्डमानियाला खानदेशात आणले. आता विद्यार्थ्यांना त्याच्या घरी नेणे हे अध्यापकांचे दायित्व आहे.