अग्नि आणि पाषाणाची स्मृति

अग्नीच्या स्वाधीन केलेली वस्तु आपलें पूर्वरूप गमावते, हा आपणां सर्वांचा नित्याचा अनुभव. अग्नि जसा पुसून टाकतो तसा तो लिहूनहि ठेवतो, असें कोणीं म्हटल्यास ती कविकल्पना वाटेल. परंतु लोखंडाच्या खनिजांचा इतिहास पाहिला असतां हें विधान खरें असल्याचें दिसून येतें.

इ. स. १६०० मध्यें विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें लोहचुंबकावरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. लोहचुंबक विस्तवांत लाल होईपर्यंत तापविल्यास त्याचें आकर्षण नाहींसें होतें, हें त्यांत सांगितलें आहे. पण त्याच ग्रंथांत दुसरीहि एक गोष्ट आहे. लोहारानें तापलेली सळई दक्षिणोत्तर धरून ऐरणीवर ठोकली व तशीच निवूं दिली, तर तिच्या अंगीं नवें चुंबकत्व येतें. पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक असल्यामुळें असें घडतें, हा गिल्बर्टचा सिद्धांत होय.

चुंबकत्व कोणत्या उष्णमानास लोपतें याचा पद्धतशीर अभ्यास पिएर क्यूरी यानें १८९५ च्या आपल्या प्रबंधांत केला. मॅग्नेटाइट हें काळें खनिज सुमारें ५८० अंश सेल्सिअसला आपलें बळ टाकतें. गेरूस तांबडा रंग देणारें हेमेटाइट सुमारें ६७५ अंशांपर्यंत टिकाव धरतें. दोन्हीहि लोखंड व प्राणवायु यांच्याच संयोगाचीं. मात्र हवेंत पुष्कळ वेळ तापविल्यास बलवान् मॅग्नेटाइट पालटून दुर्बल हेमेटाइट होतें. म्हणून पाषाणाची साक्ष घेणाऱ्यानें, साक्षीदार मूळचाच आहे कीं मागाहून पालटला आहे, हें आधीं पारखावें लागतें.

या साक्षीचें मोल फ्रान्समधील बेर्नार ब्रून यानें ओळखलें. कांताल प्रांतांत लाव्हारसाच्या एका प्राचीन ओघाखालीं मातीचा थर विटेप्रमाणें भाजून निघाला होता. माती निराळी, पाषाण निराळा. पण एकाच काळीं निवलेल्या त्या दोहोंचें चुंबकत्व आजच्या दिशेच्या उलट आढळलें. तेव्हां त्या काळीं पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यानें १९०६ सालीं मांडला. जपानांतील मातुयामा यानें १९२९ सालीं त्यास नवा आधार दिला; तरीहि विद्वानांची खात्री पटावयास १९६० नंतरचें दशक उजाडावें लागलें.

पाषाण दिशेप्रमाणेंच कलहि जपून ठेवतो. मोकळी टांगलेली चुंबकसूचि विषुववृत्तापाशीं सपाट राहते आणि ध्रुवाकडे जावें तसतशी अधिकाधिक कलते. म्हणून पाषाणांतील कलावरून तो कोणत्या अक्षांशावर निवाला याचा अंदाज करतां येतो. खंडें सरकतात असें वेगेनर यानें १९१२ सालीं म्हटलें, तेव्हां बहुतेकांनीं तें नाकारलें. १९३० सालीं तो ग्रीनलंडच्या हिमांत मरण पावला. त्याच्या बाजूनें साक्ष द्यावयास पाषाण पुढें आले ते त्याच्या पश्चात्.

त्या साक्षीदारांत आपला सह्याद्रीहि आहे. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं भारतांतील खडकांच्या चुंबकत्वावरील आपला निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि दख्खनच्या काळ्या पाषाणाचा असा अभ्यास झाला. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं हा रस निवाला, तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें ३० अंशांवर होती, असें त्यांतून निघतें. आज मुंबई त्याच्या उत्तरेस १९ अंशांवर आहे. म्हणजे हजारों कोसांचा हा प्रवास झाला!

पर्वतास आपण ‘अचल’ म्हणतों. तो अचल नाहीं, हें त्यानें स्वतःच सांगितलें. आणि तें सांगावयाची वाचा त्यास दिली ती, सर्व कांहीं पुसणारा म्हणून ज्याची ख्याति, त्या अग्नीनें.