असोसिएट पदवी ते स्नातक पदवी : कॅलिफोर्नियातील अल्पखर्ची शिक्षणमार्गाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेत चार वर्षांच्या स्नातक पदवीचा खर्च आटोक्यात ठेवण्याचा एक रूढ मार्ग आहे. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून असोसिएट पदवी घ्यावयाची आणि उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करावयाची. कम्युनिटी कॉलेजचे शुल्क कमी असल्यामुळे हा मार्ग स्वस्त ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पहिल्या संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरी संस्था किती मानते यावर एकूण खर्च ठरतो आणि या स्वीकृतीचा इतिहास शुल्काच्या इतिहासाहून वेगळा आहे. प्रस्तुत लेखात कॅलिफोर्निया राज्याच्या संदर्भात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

दोन वर्षांच्या पदवीचा उगम

असोसिएट पदवीचा जन्म गरीब विद्यार्थ्यांच्या कळवळ्यातून झाला, असे म्हणता येत नाही. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे ‘ज्युनिअर’ आणि ‘सीनिअर’ असे दोन भाग केले व १९०० पासून पहिल्या भागाच्या अखेरीस असोसिएट पदवी देण्यास प्रारंभ केला. विद्यापीठाने उच्च अध्ययन व संशोधनावर लक्ष द्यावे आणि ज्यांना पुढे शिकावयाचे नाही त्यांना दोन वर्षांनंतर सन्मानाने थांबता यावे, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. त्यांच्याच प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पुढे जाण्याची वाट आणि थांबण्याची जागा एकाच पदवीत असावी, हा अंतर्विरोध तेव्हापासून या व्यवस्थेत राहिला आहे.

कॅलिफोर्नियाने १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना महाविद्यालयीन स्तराचे वर्ग चालविण्याची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे पहिले कॉलेज उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ च्या जी. आय. बिलामुळे माजी सैनिकांची मोठी लाट उच्च शिक्षणाकडे वळली. ट्रुमन आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा देशभर रूढ केली.

१९६० ची बृहद् योजना

क्लार्क केर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या १९६० च्या बृहद् योजनेने राज्यातील उच्च शिक्षणाची त्रिस्तरीय रचना केली. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचे १२.५ टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, वरचे एक-तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी (आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) पात्र ठरले. ज्युनिअर कॉलेजचे दार सर्वांना खुले राहिले. यापूर्वी ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे १५ व ५० टक्के होती. म्हणजे योजनेने थेट विद्यापीठ प्रवेश आधी आकुंचित केला आणि मगच दोन वर्षांनंतरच्या प्रवेशाचे आश्वासन दिले. हे आश्वासन पाळता यावे म्हणून विद्यापीठांतील पहिल्या दोन व शेवटच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० : ६० असावे, अशी तरतूद होती. बृहद् योजनेच्या गौरवात या किमतीचा उल्लेख बहुधा राहून जातो.

त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील कॉलेजच्या अभ्यासावरून असे प्रतिपादन केले की, ज्युनिअर कॉलेज अनेकांच्या विद्यापीठाच्या आकांक्षा हळूहळू थंड करण्याचे काम करते. विद्यार्थ्याला कोणी नकार देत नाही. समुपदेशनातून त्याला दुसरीकडे वळविले जाते. ही टीका कठोर असली तरी योजनेच्या रचनेशी ती जुळणारी होती, हे मान्य करावे लागते.

शुल्क आणि गमावलेले श्रेयांक

१९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता करावर मर्यादा आणली व कम्युनिटी कॉलेजांचा स्थानिक आर्थिक आधार खचला. १९८४ मध्ये प्रथमच राज्यव्यापी शुल्क आले : प्रति श्रेयांक ५ डॉलर, एका सत्रास कमाल ५० डॉलर. २०१२ पासून हा दर प्रति श्रेयांक ४६ डॉलर झाला. अल्प उत्पन्न गटास शुल्कमाफी १९८४ पासूनच आहे.

या दराने असोसिएट पदवीच्या ६० श्रेयांकांचे शुल्क २७६० डॉलर होते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे मूळ वार्षिक शुल्क २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात ५७४२ डॉलर, म्हणजे एका सत्रास २८७१ डॉलर होते. त्या काळातील एखाद्या विद्यार्थ्याचे चार विषय विद्यापीठाने मानले नाहीत आणि त्याला तेथे एक सत्र जास्त काढावे लागले, तर त्या एका सत्राचे शुल्क कम्युनिटी कॉलेजच्या संपूर्ण दोन वर्षांच्या शुल्काहून अधिक होई. घरभाडे आणि बुडालेली मजुरी यात धरलेली नाही. त्यात २०१२ पासून संघराज्याचे पेल अनुदान आयुष्यात १२ सत्रांपुरते मर्यादित झाले आहे. वाया गेलेले प्रत्येक सत्र त्यातून वजा होते. हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले.

फ्लोरिडाने १९७१ मध्येच राज्यव्यापी करार करून असोसिएट पदवी संपूर्णपणे स्वीकारण्याचे धोरण आखले होते. कॅलिफोर्नियात मात्र प्रत्येक विद्यापीठ परिसर व प्रत्येक कॉलेज यांच्यात विषयनिहाय स्वतंत्र करार होत राहिले. कोणता विषय कोठे चालतो हे पाहण्यासाठी १९८५ मध्ये ‘असिस्ट’ ही माहितीप्रणाली उभी राहिली. तिचा लाभ घ्यावयाचा तर विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात आपले विद्यापीठ व मुख्य विषय निश्चित करणे आवश्यक होते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, घरातील पहिल्याच पदवीधर होऊ पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा जरा अधिकच होती.

२०१० च्या कायद्याने हा भार अंशतः संस्थांवर टाकला. ६० श्रेयांकांची ‘स्थानांतरासाठीची असोसिएट पदवी’ घेणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाचा प्रवेश आणि समान विषयात आणखी केवळ ६० श्रेयांकांत पदवी, अशी हमी मिळाली. हमी विद्यापीठ-व्यवस्थेत प्रवेशाची होती. विशिष्ट परिसराची नव्हे. २०२१ च्या कायद्यान्वये दोन्ही विद्यापीठ-व्यवस्थांसाठी सामान्य शिक्षणाचा एकच आराखडा ठरला व तो २०२५ च्या शरद सत्रापासून लागू झाला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

या मार्गाचा लाभ प्रामुख्याने राज्यातील रहिवाशांना आहे. महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यास अनिवासी शुल्क भरावे लागते, त्यामुळे वरील हिशेब त्याला लागू पडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील दोन वर्षांनंतरच्या पदविकेचा टप्पा आणि २०२१ ची शैक्षणिक श्रेयांक पेढी यांचे या इतिहासाशी साम्य दिसते. मात्र पेढीत श्रेयांक जमा होणे आणि दुसऱ्या विद्यापीठाने ते मानणे या भिन्न गोष्टी आहेत. अभियांत्रिकीत याची सोडवणूक फार पूर्वी झाली. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेतलेला विद्यार्थी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतो आणि बारावीमार्गे येणाऱ्याइतक्याच, म्हणजे दहावीनंतर एकूण सहा वर्षांत अभियंता होतो. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत असा सर्वमान्य नियम घडविण्याचे काम अभ्यास मंडळांसमोर आहे.