क्युरारे आणि सक्सिनिलकोलीन : दोन स्नायुशिथिलकांच्या परस्परक्रियेचा इतिहास

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी भुलेसोबत स्नायुशिथिलके दिली जातात. ती एकमेकांचा परिणाम बदलतात, हे आज भूलशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. मात्र याच परस्परक्रियेमुळे एका महत्त्वाच्या औषधाचा मुख्य गुण ४३ वर्षे अज्ञात राहिला. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणांना लावावयाचे विष होय. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारी प्रेरणा ते अडविते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बर्नार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकांवरील प्रयोगांतून दाखविले. पुढे प्रयोगातील प्राणी निश्चल ठेवण्यासाठीही क्युरारे वापरले जाऊ लागले. १९०६ मध्ये अमेरिकेत रीड हंट व रेने तावो यांनी सक्सिनिलकोलीनचा रक्तदाबावरील परिणाम तपासला. परंतु त्यांच्या प्राण्यांना आधीच क्युरारे दिलेले होते. लुळ्या पडलेल्या स्नायूंवर नव्या औषधाचा परिणाम दिसणार तरी कसा? तो १९४९ मध्ये डॅनिएल बोव्हे यांनी रोम येथे उघडकीस आणला. १९५१ पासून हे औषध शस्त्रक्रियागृहात आले.

परस्परक्रियेचे स्वरूप :
क्युरारे स्नायूवरील ग्राहींना उत्तेजित न करता अडवून धरते. सक्सिनिलकोलीन त्यांना प्रथम उत्तेजित करते व मग निष्क्रिय ठेवते. म्हणून क्युरारेसारख्या औषधाची अल्प मात्रा आधी दिल्यास सक्सिनिलकोलीनमुळे होणारे स्नायूंचे स्फुरण कमी होते. पण सक्सिनिलकोलीनची मात्रा वाढवावी लागते. निओस्टिग्मीनची गोष्ट अधिक बोलकी आहे. ते क्युरारेचा परिणाम उतरविते; परंतु सक्सिनिलकोलीनचे विघटन करणाऱ्या रक्तातील विकरासही रोखत असल्याने त्या औषधाचा परिणाम लांबवू शकते. श्वसनाचे स्नायूही शिथिल होत असल्यामुळे हा भेद न ओळखल्यास रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. २००८ मध्ये युरोपात मान्यता मिळालेले सुगामाडेक्स हे रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियम यांना वेढून निष्प्रभ करते. सक्सिनिलकोलीनवर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

निष्कर्ष :
हंट व तावो यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. प्रयोगाच्या सोयीसाठी वापरलेले साधन निष्कर्षावर परिणाम करीत होते, एवढेच. संशोधक ज्यास केवळ पार्श्वभूमी समजतो, तोही प्रयोगाचाच एक घटक असतो. ही जाणीव कोणत्याही विद्याशाखेतील अभ्यासकास उपयुक्त ठरावी.