डॉलर-रुपया वायदे आणि ट्रेडिंग बॉट : २००८ ते २०२४



परकीय चलनाचे व्यवहार आपोआप करणारा बॉट लिहिणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. भिलाईत आमच्याकडे अंतिम वर्षाच्या प्रकल्पांतही तो दिसतो. जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीत, म्हणजे बॅकटेस्टमध्ये, नफ्याचा आलेख चढत जातो. प्रत्यक्ष बाजारात मात्र तोच बॉट अनेकदा तोट्यात जातो. असे का होते, हे आपल्याच बाजाराच्या इतिहासातून पाहू.

१. सुरुवात आणि खर्चाचे गणित

२९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर डॉलर-रुपया वायदे सुरू झाले. एक करार १,००० डॉलरचा. भाव किमान पाव पैशाने, म्हणजे ०.००२५ रुपयाने हलतो. त्यामुळे एका पायरीची किंमत २.५० रुपये होते. समजा, तुमचा बॉट बॅकटेस्टमध्ये दर व्यवहारामागे सरासरी एक पायरी कमावतो. पण खरेदी आणि विक्रीच्या भावांत एका पायरीचे अंतर असते आणि ते तुम्ही धरलेले नाही. ते धरले की नफा शून्य. त्यावर दलाली आणि शुल्क धरले की तोटा.

२. बाजारातले खेळाडू बदलतात

२०१३ च्या उन्हाळ्यात रुपया वेगाने घसरू लागला. ८ जुलै रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना स्वतःच्या खात्यावर चलन वायद्यांत व्यवहार करण्यास मनाई केली. सेबीने मार्जिन वाढवले. ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. जूनपर्यंतच्या भावांवर घडवलेल्या बॉटसमोर आता समोरचा पक्ष वेगळा होता, भांडवलाची गरज वेगळी होती आणि चढउतारही वेगळे होते.

३. आकड्यांत न दिसणारी जोखीम

सप्टेंबर २०११ पासून स्विस मध्यवर्ती बँक युरोचा दर १.२० फ्रँकखाली जाऊ देत नव्हती. तीन वर्षांहून अधिक काळाचे आकडे पाहिले तर ही सीमा अभेद्य वाटे. १५ जानेवारी २०१५ रोजी बँकेने ती अचानक सोडली. काही मिनिटे बाजारात घेणारेच उरले नाहीत. अनेकांचे स्टॉप-लॉस ठरवलेल्या भावापासून फार दूर लागले.

४. नियमच बदलतो

५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की एक्स्चेंजवर रुपयाचे वायदे करणाऱ्याकडे मूळ परकीय चलनाची खरी जोखीम असलीच पाहिजे. कागदपत्रे दाखवण्यातून सूट होती, अटीतून नव्हती. अंमलबजावणी ३ मे २०२४ पासून झाली आणि उलाढाल झपाट्याने आटली. केवळ सट्ट्यासाठी चालणारा बॉट कितीही हुशार असला, तरी त्याला या बाजारात जागा उरली नाही. म्हणून परदेशी अनधिकृत मंचाकडे वळणे हा उपाय नव्हे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अशा मंचांची सावधानता यादीच जाहीर केली आहे.

समारोप

टिकणारा बॉट म्हणजे भविष्य ओळखणारा बॉट नव्हे. आपला अंदाज चुकला हे वेळीच ओळखून थांबणारा बॉट. त्यामुळे आराखड्यात नफ्याच्या सूत्राआधी चार गोष्टी लिहा : पूर्ण खर्च, बॉटला न दाखवलेल्या काळावरची चाचणी, दिवसाच्या तोट्याची मर्यादा आणि नियम बदलल्यास बंद करण्याची सोय. तरीही नफ्याची हमी मिळत नाही. पण घरून आणलेली फीची रक्कम तरी वाचते.

स्वाध्याय : जून २०१३ पर्यंतच्या भावांवर एक सोपे सूत्र बसवा आणि तेच जुलै ते सप्टेंबर २०१३ वर खर्चासह तपासा. निकाल कुठे आणि का बदलला, ते लिहा.