कर्करोग आणि कामगाराचा धंदा

कर्करोग-संशोधनाचा इतिहास प्रयोगशाळेपासून सांगण्याची प्रथा आहे. आम्ही तो धंद्यापासून सांगू. 1775 साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचे मूळ काजळीत असल्याचे दाखविले. रोग्याचा धंदा लक्षात घेतला, म्हणूनच ते उमगले.

मुंबईत 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी हीच दृष्टी ठेवली. धोतराच्या आवळीने कंबरेवर होणारा कर्करोग त्यांनी 1945 साली वर्णिला. तंबाखूच्या सवयींचाही अभ्यास केला. पुढे 1963 साली मुंबईत, 1987 साली बार्शीकडील खेड्यांत कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली. तीवरून रोगी किती, हे कळते. रोग कोणत्या कामातून आला, हे मात्र केसपेपरवर काम लिहिले असेल तरच कळेल.

आता पिंपरी-चिंचवड-चाकणकडे पाहा. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली ठरविले. ॲस्बेस्टॉस त्या यादीत आधीपासूनच आहे. परंतु असा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी प्रकट होऊ शकतो. तोवर कंत्राटी कामगाराने किती ठेकेदार बदललेले असतात! केसपेपरवर नुसते ‘नोकरी’ लिहिले, तर भरपाईचा पुरावा बुडतो आणि संशोधनही आंधळे राहते.

म्हणून कामगार बंधुभगिनींनो, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. आणि दवाखान्यात खाते, काम व वर्षे सांगून ती लिहवून घ्या.