पाठ आणि पुरावा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावात तीन-चार महिन्यांचं बाळ बघायला आलेली बाई हमखास विचारते, "मान धरली का?" पुढे पालथं पडलं का, रांगतं का. डोकं स्थिर झालं असं आपण म्हणत नाही. बाळानं मान 'धरली' म्हणतो, जणू आयुष्यातलं पहिलं ओझं त्यानं स्वतः पेललं. "जन्मल्यावर रडलंच नाही," या आईच्या तीन शब्दांत प्राणवायू कमी पडल्याची अख्खी हकिकत असते. याच जिल्ह्यातल्या जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यामुळे आरोग्याची विचारपूस घरच्या शब्दांत होऊ लागली.

सरकारी पाटीवर मात्र 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र' असतं. हस्तक्षेप म्हणजे न विचारता घातलेला हात. मान न धरलेल्या लेकराला लवकर व्यायाम, लवकर उपचार मिळावेत, एवढाच तिथला हेतू. 'हातभार' हा शब्द तेव्हा कुणाला कसा सुचला नाही?

'मतिमंद' हा शब्द मुळात वाईट नव्हता. मती 'मन्' या विचार करण्याच्या धातूतली, आणि मंद तर वाराही असतो, समईही. पण शाळेच्या पटांगणात तो शिवीसारखा फेकला गेला आणि डागाळला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावात मतिमंदत्व आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याची जागा बौद्धिक अक्षमतेनं घेतली.

'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आला. दिव्य म्हणजे स्वर्गीय, हा एक अर्थ. पण मराठीत दिव्य 'करावं' लागतं. पूर्वी वतनाच्या तंट्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढून आपला खरेपणा सिद्ध करायचा, ते रवादिव्य. अपंगत्वाच्या दाखल्यावर किमान 40 टक्के यावेत म्हणून मूल कडेवर घेऊन तालुक्याहून नगरला खेटे घालणाऱ्या आईला हा दुसरा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

तेच मूल 18 वर्षांचं झालं की कायद्यानं सज्ञान. जन्मापासून पाळणाऱ्या आईला 'पालक' म्हणून नेमणूक हवी असेल, तर जिल्हाधिकारी ज्या समितीचे अध्यक्ष असतात तिच्याकडे अर्ज करावा लागतो. मग सुरू होतो पाठपुरावा. आज आपण त्याचा अर्थ फायलीमागे लागणं एवढाच घेतो. जुना अर्थ पाठीशी उभं राहणं, पाठबळ पुरवणं. अपंगांच्या धोरणासाठी, उपचारांसाठी, हक्कांसाठी आयुष्य घालवणाऱ्यांच्या कामाला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. दोन्ही अर्थांनी तो त्या आईचाच आहे: एका हातात अर्ज, दुसरा तळवा अजून लेकराच्या पाठीला, मानेच्या जरा खाली.