पोथी उतरवणाऱ्याचे दोष आणि मराठी लेखनाची जुनी शिस्त

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसावे दशक ‘शिकवण’ या नावाचे असून त्याचा पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिलेला आहे. सतराव्या शतकात नव्याने हाती टाक धरणाऱ्याने कोणत्या चुका टाळाव्यात, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा मजकूर जुन्या मराठीत विरळाच म्हणावा लागेल. तेथे ‘लेखक’ म्हणजे ग्रंथ रचणारा नव्हे, तर समोरच्या पोथीवरून दुसरी पोथी उतरवून काढणारा. रचणाऱ्यास कवी किंवा ग्रंथकर्ता म्हणत. मात्र या दोन वाटा एकमेकींपासून फार दूर नव्हत्या, कारण गुरूचा ग्रंथ स्वहस्ते उतरवणे हा शिष्याच्या अभ्यासाचाच भाग असे. समर्थांचे ग्रंथ लिहून काढणारे कल्याणस्वामी पुढे स्वतःही रचना करू लागले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा समास ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो, त्यात त्या काळाची चौकट दिसते. प्रत्यक्षात कायस्थ प्रभूंपासून महानुभाव पंथातील निरनिराळ्या जातींच्या साधकांपर्यंत अनेकांनी हे काम केले आहे.

समर्थांनी सांगितलेली शिस्त हाताच्या, डोळ्यांच्या आणि साधनांच्या पातळीवरची आहे. बाळबोध अक्षर, म्हणजे मोडीहून वेगळे असे देवनागरी वळण, घोटून घोटून सुंदर करावे. ते वाटोळे, सरळ, मोकळे आणि काळेभोर असावे. पहिल्या पानावरचे अक्षर आणि शेवटच्या पानावरचे अक्षर यांत फरक दिसू नये, सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. पान आधी शिशाने आखून घ्यावे, ओळींतील अंतर कमीजास्त होऊ देऊ नये, वरच्या ओळीच्या वेलांट्या-उकारांनी खालच्या ओळीला स्पर्श करू नये. तारुण्यात डोळे तेज असतात म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच अक्षर वाचता येत नाही. पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडून मजकूर मध्यभागी ठेवावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. ही शेवटची सूचना वाळवीने आणि दमटपणाने कडा खाल्लेली पण मजकूर शाबूत राहिलेली पोथी हाताळणाऱ्यास विशेष पटते.

साधनांविषयीही हीच काटेकोर वृत्ती दिसते. कागद घट्ट आणावा, त्याला खळ द्यावी, म्हणजे शाई फुटू नये यासाठी पिठाच्या पेजेचा हात फिरवावा आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने तो घोटावा. निरनिराळ्या देशांचे बरू आणून ते नाना तऱ्हांनी तोडावेत. सुऱ्या, कातऱ्या, हिंगूळ, अळिता आणि मसी यांचा संग्रह ठेवावा. आणि तयार झालेले पुस्तक बासनात, मेणकापडात व कुलूपबंद पेटीत जपावे. चूक होऊन गेल्यावर ती दुरुस्त करण्यापेक्षा चूक होण्यास जागाच ठेवू नये, हा या साऱ्या सूचनांमागचा विचार आहे आणि तो मोलाचा आहे, कारण पोथीतील बहुतेक दोष अज्ञानापेक्षा घाईतून, थकव्यातून आणि वाईट साधनांतून आलेले असतात.

हे दोष ठरावीक प्रकारचे असत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘प’ आणि ‘य’, ‘व’ आणि ‘ब’ या जोड्या घाईच्या वळणात सारख्या दिसत, आणि ‘र’पुढे ‘व’ आला की त्यांचा ‘ख’ होऊन बसे. शब्द सुटे न लिहिता ओळ सलग लिहिण्याची चाल असल्याने एका शब्दाचे शेपूट दुसऱ्याला जोडले जाई आणि तिसराच शब्द जन्माला येई. ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते. त्यामुळे लागोपाठच्या दोन ओव्यांची यमके जवळची असली, की लिहिणाऱ्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर घसरे आणि मधल्या ओळी गळून जात. कोणी मजकूर वाचून दाखवत असेल आणि दुसरा ऐकून लिहीत असेल, तर डोळ्यांऐवजी कानाच्या चुका होत. अशा चुका ध्यानात आल्या, तर चुकीच्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन त्यावर नवे अक्षर लिहीत. गळलेल्या मजकुराच्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी खूण, करून तो मजकूर समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, भरत. ज्या पोथीत हरताळ आणि काकपदे दिसतात ती गलिच्छ नव्हे, उलट मुळाशी ताडून पाहिलेली असते, हे अभ्यासकाने लक्षात ठेवले पाहिजे.

पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, शक, तिथी आणि गाव लिहून काही ठरलेले संस्कृत श्लोक जोडत असे. त्यांचा आशय असा, की जसे पुस्तक पाहिले तसेच लिहिले आहे, ते शुद्ध असो वा अशुद्ध, दोष लिहिणाऱ्याला देऊ नये. पाठ, कंबर व मान मोडून आणि नजर खिळवून हे लिहिले आहे, तेव्हा ते तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावे व मूर्खाच्या हाती देऊ नये. या श्लोकांकडे केवळ जबाबदारी झटकण्याची युक्ती म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ‘पाहिले तसे लिहिले’ ही त्या व्यवसायाची प्रतिज्ञाच होती, आणि ती खरोखर पाळणाऱ्या लेखकाची अशुद्ध प्रतसुद्धा संशोधकाला विश्वासार्ह वाटते.

खरे नुकसान झाले ते ही प्रतिज्ञा मोडणाऱ्यांकडून. जुना शब्द समजला नाही म्हणून त्याजागी ओळखीचा शब्द घालणे, अर्थ अधिक स्पष्ट व्हावा म्हणून एखादी ओवी स्वतः रचून मध्ये बसवणे, हे दोष हाताचे नसून अभिमानाचे होते. हाताची चूक चुकीसारखीच दिसते आणि म्हणून सापडते. हौसेने केलेली सुधारणा मात्र शुद्ध मजकुरासारखी दिसते आणि पिढ्यान्‌पिढ्या मूळ म्हणून नकलली जाते.

‘ज्ञानेश्वरी’च्या बाबतीत नेमके हेच घडले. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, सिद्ध झालेला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेला हा ग्रंथ सुमारे तीनशे वर्षे उतरवला आणि पाठ केला जात राहिला, तेव्हा त्यात अनेक पाठभेद, म्हणजे एकाच जागी निरनिराळ्या प्रतींत आढळणारे वेगवेगळे शब्द, शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, तो शुद्ध केला आणि पुढे यात कोणी स्वतःची ओवी घातल्यास त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा कडक इशारा देऊन ठेवला. या कार्याचे मोल कितीही मानले तरी थोडेच आहे. तरीही नाथांनी कोणते पाठ घेतले आणि कोणते टाकले याची नोंद आज उपलब्ध नाही, आणि शुद्ध प्रत सर्वत्र गेल्यावर जुन्या प्रती उतरवण्याचे कारणही उरले नाही, त्यामुळे नाथपूर्व प्रती दुर्मीळ झाल्या, हेही सांगणे भाग आहे.

या बाबतीत महानुभावांची रीत अधिक सावध होती. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्षदर्शींकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणीत जो फरक पडला तो मिटवून न टाकता महानुभावांनी ‘वासना’ या नावाने, म्हणजे अमुक शिष्याचा पाठ म्हणून, जपला. पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्याने बाहेरच्या हौशी हातांपासूनही ते पुष्कळ अंशी वाचले.

शिळाछापाच्या काळातही हाताने लिहिणारा लगेच नाहीसा झाला नाही, कारण त्या पद्धतीत सुवाच्य हस्ताक्षरातील मजकूरच दगडावर उतरवून छापत. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ अशीच शिळाछापावर प्रसिद्ध केली. फरक इतकाच झाला, की पूर्वी एका पोथीत राहणारी चूक आता एकाच वेळी शेकडो प्रतींत जाऊ लागली आणि पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडण्याची प्रथा रूढ झाली. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये, त्यांच्या मते नाथपूर्व असलेल्या एका पोथीवरून ‘ज्ञानेश्वरी’ छापली तेव्हा कोणता पाठ जुना आणि कोणता सुधारलेला हा वाद नव्याने उभा राहिला, आणि मराठीत पाठचिकित्सेला, म्हणजे अनेक प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या शास्त्राला, त्यातून जोर मिळाला.

या शास्त्रात चुकांनाच पुराव्याचे मोल येते. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चमत्कारिक चूक आढळली, तर त्या एकाच पूर्वज प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे अनुमान निघते. आणि एक पाठ अवघड व दुसरा सोपा असेल, तर बहुधा अवघड पाठच जुना मानतात, कारण लिहिणारा अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द अवघड करीत नाही. म्हणून घराच्या माळ्यावर बासनात बांधून पडलेली, चुकांनी भरलेली, कोणा अनाम लेखकाची पोथीही निरुपयोगी समजू नये. ती नदीत सोडण्याऐवजी किंवा रद्दीत घालण्याऐवजी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर किंवा धुळ्याचे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर यांसारख्या संस्थेला दाखवावी, आणि तोवर तिच्या पानांवर पेनाने एकही दुरुस्ती करू नये.